आवाज तिचा, वाक्यं तिची नाहीत

जबाब देणार: श्रीमती पेंग चिऊ-लान, वय ४४ वर्षे, धंदा पर्सिमन फळं वाळवून विकणे, राहणार शिनपू, जिल्हा सिंचू, तैवान.
दिनांक ६ ऑक्टोबर २०२३, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

"शेत विकलं तरी चालेल, बोली विकायची नाही," असं आमचे वडील म्हणाले होते. तेव्हा मी सात वर्षांची होते. वडिलांना लहानपणी शाळेत हक्का, म्हणजे आमची घरची बोली, बोलल्याबद्दल गळ्यात पाटी अडकवून उभं केलं होतं. म्हणून आमच्या घरात नियम होता. उंबऱ्याच्या आत फक्त हक्का. कुणी सरकारी मंदारिन भाषेत बोललं, तर त्याने बाहेर जाऊन पुन्हा आत यायचं. माझी धाकटी बहीण पेंग यू-तिंग शाळेतून बडबडत यायची आणि एकेका संध्याकाळी चार-चार वेळा बाहेर जाऊन आत यायची. निरीक्षक लू साहेबांनी विचारलं, याचा गुन्ह्याशी काय संबंध? मी म्हटलं, संबंध आहे, लिहून घ्या.

यू-तिंग माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. अविवाहित. सिंचू शहरात कपड्यांच्या दुकानात नोकरीला होती. दुकान बंद पडल्यावर एका मैत्रिणीने तिला बँकॉकमधल्या हॉटेलात, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवण्याचं काम मिळवून दिलं. १२ जुलै २०२२ रोजी सकाळी सात वाजता मी तिला बसथांब्यावर सोडलं. ती म्हणाली, "ताई, हंगामाला येतेच मी. तोवर एकटीने परड्या उचलू नकोस. कंबर बघ तुझी, सत्तरीतल्या बाईसारखी झाल्येय." मी म्हटलं, "तू आधी नीट पोच." बस आली. यापेक्षा जास्त बोलणं झालं नाही.

३ ऑगस्टपर्यंत तिचे निरोप येत होते. त्यानंतर फोन बंद. २४ ऑगस्टला मी याच ठाण्यात ती बेपत्ता असल्याची तक्रार दिली.

१४ ऑक्टोबर २०२२ रोजी दुपारी सव्वातीनच्या सुमारास आम्ही घराच्या गच्चीवर पर्सिमन दाबत होतो. फळं सोलून चार-पाच दिवस वाऱ्यावर ठेवली, की एकेक फळ हातात घेऊन अंगठ्याने हळूहळू दाबावं लागतं. नाहीतर आतला गर मऊ होत नाही. हजर असलेल्या व्यक्ती: मी, आमची आई फान सान-मेई, वय तेव्हा ७०, आणि कामाला येणाऱ्या ये मावशी. तिघींचे हात मनगटापर्यंत चिकट होते. अनोळखी नंबरवरून फोन आला. मी करंगळीने स्पीकर लावला. म्हणून तो तिघींनी ऐकला.

यू-तिंग मंदारिनमध्ये बोलली. जसं बोलली तसंच सांगते: "नमस्कार. मी पेंग यू-तिंग बोलत आहे. मी येथे सुखरूप आहे. मी माझ्या इच्छेने येथे आलेले आहे. मला कोणीही अडवलेले नाही. कृपया पोलिसांत दिलेली तक्रार मागे घ्यावी."

ये मावशी म्हणाल्या, "अगं बाई, ही काय बातम्या देत्येय का?"

मी हसले. मी हसले हे लिहावं, असं मी सांगितलं आहे.

आई म्हणाली, "तीन महिन्यांत साहेबीण झालीस होय गं? इथं परकं कोण बसलंय, म्हणून ही भाषा?"

यू-तिंग म्हणाली, "मी सुखरूप आहे."

आई म्हणाली, "आपल्या बोलीत बोल. नाहीतर ठेव फोन."

तिचा श्वास ऐकू येत होता. मी "आ-तिंग" अशी एकदा हाक मारली. ती "मी सुखरूप आहे" असं पुन्हा म्हणाली. आईने कोपराने फोन बंद केला. फोन एक मिनिट बावन्न सेकंद चालला. कंपनीचा उतारा जोडला आहे.

तिच्या शेजारी कुणीतरी बसलं होतं आणि त्याला हक्का कळत नव्हतं, म्हणून तिला हक्का बोलू देत नव्हते. निरीक्षक साहेबांचं म्हणणं, हा अंदाज आहे, पाहिलेली गोष्ट नाही. म्हणून या वाक्यापुढे "असं मला आता वाटतं" हे शब्द घातले आहेत. असं मला आता वाटतं. त्या दिवशी तिघींपैकी एकीलाही वाटलं नाही. परकी भाषा ऐकली की आमच्याकडे आधी मान दुखावतो.

१७ ऑक्टोबरला मी तक्रार मागे घेतली. अर्जावर सही माझी आहे. कारणाच्या जागी "संपर्क झाला" असं लिहिलं आहे, ते अक्षरही माझंच.

पुढे दहा महिने फोन आला नाही. नववर्षाच्या आदल्या दिवशीच्या जेवणाला आईने तिचं वाडगं आणि काड्या मांडल्या. मी बघत राहिले, तेव्हा म्हणाली, "मी तिच्यावर रागावल्येय. वाडग्यावर नाही." त्या वर्षीचा माल आम्ही तिच्याशिवायच काढला. परड्या मी एकटीने उचलल्या.

२९ ऑगस्ट २०२३ रोजी थायलंडच्या सीमेपलीकडे, माणसं डांबून फसवणुकीचे फोन करायला लावणाऱ्या टोळीच्या एका आवारातून सोडवलेल्या तेवीस जणांना विमानाने आणलं. मी ते टीव्हीवर पाहिलं. चेहरे पुसट केले होते. जिन्यावरून उतरताना एक बाई प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होती. यू-तिंगला लहानपणापासून उतरताना भीती वाटते. तिला विमानतळावरच अटक झाली. संघटित टोळीची सदस्य असणं आणि फोनवरून फसवणूक करणं, असे आरोप आहेत. ताइचुंगच्या एका निवृत्त शिक्षकांशी ती पाच महिने प्रेमाचं बोलत होती आणि त्यांची सगळी पुंजी गेली, असं मला सांगण्यात आलं. ते गृहस्थ खरे आहेत, त्यांचं नुकसान खरं आहे. मला त्यातलं काही नाकारायचं नाही.

१२ सप्टेंबरला शेजारच्या गावचा लो वेन-हान, वय २६, आमच्याकडे आला. तो त्याच विमानातून आला होता. दोन दिवसांत सुटला, कारण त्याच्या पाठीवर वळ होते. डॉक्टरने त्यांचे फोटो घेतले आणि त्याला पीडित ठरवलं. मी त्याला विचारलं, "आणि माझी बहीण?"

तो म्हणाला, "ताई, बायका तिसऱ्या मजल्यावर. त्यांना मारत नव्हते."

"मग ते बरंच म्हणायचं."

"त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवायचे ना. वळ दिसला की गिऱ्हाईक जातं."

"मग काम केलं नाही तर काय करायचे?"

चहा निवला होता, तरी तो कपात फुंकर घालत होता. आई स्वयंपाकघरात होती. मी पुढे विचारलं नाही.

यू-तिंगच्या तपासणीच्या कागदात "अंगावरील जखमा" या रकान्यात "नाहीत" असं लिहिलं आहे. तिच्या वकीलबाईंनी मला ते दाखवलं. खाली दुसरा रकाना नव्हता.

आज सकाळी सव्वादहा वाजता निरीक्षक लू साहेबांनी मला विमानतळावर घेतलेल्या तिच्या जबाबाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. विमान उतरल्यावर तीन तासांनी ते घेतलं होतं. प्रश्न विचारणारे दोघे पुरुष होते. त्यांनी विचारलं, "तिथं कशी गेलीस?" ती मंदारिनमध्ये म्हणाली, "मी माझ्या इच्छेने तेथे गेले. मला कोणीही अडवलेले नव्हते." त्यांनी विचारलं, "काही त्रास झाला?" ती म्हणाली, "मी सुखरूप होते." मग चौथ्या प्रश्नालाही तेच. सहाव्यालाही.

साहेब म्हणाले, "बाई, हा आवाज तुमच्या बहिणीचा आहे का?"

मी म्हटलं, "आवाज तिचा आहे. वाक्यं तिची नाहीत."

"मी आवाजाचं विचारतोय."

"ही वाक्यं मी गच्चीवर ऐकल्येत साहेब. तीच, याच क्रमाने. तिला अजून वाटतंय, शेजारी तो माणूस बसलाय."

"शेजारी पोलीस होते."

"तिला काय माहीत?"

साहेब म्हणाले, "तुम्ही हो की नाही एवढंच सांगा. बाकीचं न्यायालय बघेल." ते काही वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला पाणी मागवून दिलं. टंकलेखन करणाऱ्या शिपाई त्सेंग बाईंना मी हळूच विचारलं, "तुम्हाला येतं का हक्का?" त्या म्हणाल्या, "आजीला यायचं. मला 'जेवलीस का' एवढंच येतं." मी म्हटलं, "तेवढं तरी तिला विचारायचं."

आवाज माझ्या बहिणीचा आहे. उत्तर: हो.

आई आज आली नाही. तिला बोलावणं होतं, पण ती घर सोडत नाही. यंदा ती पर्सिमनला हात लावत नाही. फोन वाजला तर हात चिकट असतील, म्हणते. डाव्या बाजूला फोन, उजव्या बाजूला ओला पंचा, अशी गच्चीवर बसून असते आणि ये मावशींना सांगते, "तुम्ही दाबा, मी वाऱ्याकडे बघते." यू-तिंगवर कोठडीत भेटीची आणि फोनची बंदी आहे, हे मी तिला दोनदा सांगितलं. ती म्हणते, "बंदी आपल्याला आहे. फोनला काय कळतंय?"

हा जबाब शिपाई त्सेंग बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी तारखा चुकल्या होत्या, त्या माझ्यासमोर दुरुस्त केल्या. बाकी मी सांगितलं तसंच उतरलं आहे, आणि ते खरं आहे. सही केली आहे.

सहीच्या खाली आणखी एक लिहून घ्यावं, असं मी म्हटलं. निरीक्षक साहेब म्हणाले, साक्षीदाराला आरोपीच्या जबाबाला बसता येत नाही, हे वरूनच नाकारलं जाईल. त्सेंग बाईंनी विचारलं, "ताई, नाही म्हणणार हे माहीत असून लिहू?" मी म्हटलं, लिहा.

विनंती: माझ्या बहिणीचा जबाब पहिल्यापासून पुन्हा घ्यावा. बाई अधिकाऱ्याने घ्यावा, हक्का भाषेत घ्यावा. तिसऱ्या मजल्यावर काय झालं ते विचारावं, आणि ती गप्प राहिली तर थांबावं. त्या वेळी मला त्याच खोलीत बसू द्यावं. मी एक शब्दही बोलणार नाही. फक्त तिला दिसेन अशी बसेन.