खोल्यांचे वास

अध्यक्षस्थानी बसलेले आमचे संचालक साहेब, मंचावरचे पाहुणे, समोर दाटीवाटीनं बसलेले तुम्ही सगळे, आणि मधल्या खुर्चीत फुलं घेऊन बसलेली माझी सख्खी धाकटी बहीण, सगळ्यांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलीत. तीन पुरतील. मी चौथीत शाळा सोडली, धाकटी शिकली. म्हणून या चित्रकाराच्या घराचं संग्रहालय झालं तेव्हा ती इथं गाइड झाली, मी झाडूवाली. आज तिला राजधानीतल्या मोठ्या संग्रहालयानं बोलावून घेतलंय. मला आनंद झाला का? झाला. पण जळफळाट त्याहून जास्त झाला. खोटं कशाला बोलू?

साथीच्या आधी काय होतं, आठवतंय ना? एका दमात चाळीस माणसं आत. धाकटी घडाघडा तारखा म्हणायची, लोक फोटो काढून बसकडे पळायचे. मग दारं बंद झाली. ती घरी अडकली. मी इथंच मागच्या खोलीत राहते, म्हणून आत राहिले. साहेबांनी युक्ती काढली. मी फोन धरून फिरायचं, ती घरून बोलणार, लोक आपापल्या घरी बसून बघणार. मला ताकीद होती, तोंड उघडायचं नाही.

एकदा एका बाईनं विचारलं, "आजारापासून मला वासच येत नाही. या खोलीला कसला वास येतो हो?"

धाकटी खोली कधी बांधली ते सांगायला लागली. तारखांत वास कुठून असणार? मला राहवेना. म्हटलं, "रंगातल्या जवसाच्या तेलाचा, ओल्या भिंतीचा, जुन्या लोकरी गालिच्याचा. कोपऱ्यात उंदराचाही येतो, तो तुम्हाला येत नाही तेच बरं!"

बाई हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

मग जो तो तेच विचारायला लागला. धाकटीचे मला रोज फोन. "ताई, जिन्याला कसला येतो? ताई, माडीला?" मी सांगायची, ती लिहून घ्यायची. दारं उघडली तेव्हा त्या वासांचीच फेरी सुरू झाली. दहाच माणसं, सावकाश, प्रत्येक खोलीत डोळे मिटून उभी. पेपरात फोटो आला, धाकटीचा. मागं मी उभी होते. माझी बादली तेवढी आलीय त्यात.

आता साहेब म्हणतात, ती गेली तरी तिचा आवाज यंत्रात भरून खोलीखोलीत लावू. साहेब, आवाज तिचा आहे, बोलणं माझं आहे. धाकटे, खाली बघू नको. खरं की खोटं?

"खरंय, ताई."

माइकमध्ये बोल, मागच्यांना ऐकू जात नाही.

"खरंय. सगळं ताईचंच आहे."

झालं तर. यंत्र नको, साहेब. भिंतीला रंग दिला की वास बदलतो, यंत्राला ते कोण सांगणार? उद्याची फेरी मी नेते. तारखा पाटीवर लिहिल्यात, ज्याला हव्यात त्यानं वाचाव्यात. दहातली एक जागा तुमच्यासाठी ठेवते.

धाकटे, तिकडे जेवणाची हेळसांड करू नको. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही जास्त गेलं असेल तर पोटात घाला. साहेब, सकाळी वेळेवर या, मी कुणासाठी थांबणार नाही.