चिंचेनं घासलेला दगड

माजं गाव आष्ट्यापासनं चार-पाच मैलांवर. आमी तिघं भाऊ, थोरला मिलिट्रीत गेला, मधला शेतात ऱ्हायला, आन् मीबी गेलो व्हतो भरतीला, न्हाई असं न्हाई, पर छाती दोन बोटं कमी भरली आन् तिथल्या सायबानं पाठीवर थाप मारून घरी धाडलं. मग एष्टीत कंडक्टर लागलो. आई म्हणायची, बरं झालं बाबा, डोळ्यांसमोर तरी ऱ्हाशील. पर काय सांगू तुमाला, डोळ्यांसमोरचा ल्योक दर सुट्टीला पिशवीतनं येक धोंडा घरी आणाया लागला, तवा तिलाबी वाटलं आसंल की मिलिट्रीच बरी व्हती.

त्ये याड कसं लागलं ते सांगतो. सातारा-कोयनानगर गाडीवर माजी ड्युटी, ऱ्हायला साताऱ्यात खोली, आन् पाटणच्या अलीकडं येक दगडाची खाण हाय, तिथं काम करणारा यल्लाप्पा वडार माज्या गाडीला चढायचा. येक दिवस बसला तो मांडीवर बोचकं घेऊन, तान्हं पोर घेतल्यागत. मी म्हणलं, यल्लाप्पा, त्यात काय हाय, लगेज पडंल बरं का. त्यानं फडकं सोडलं. वरनं काळा दगुड, आन् आतनं पोकळ, पोकळीत हिरवंगार खडं, पाण्यासारखं नितळ, कडा अशा की सोनारानं पैलू पाडल्यात. मी बघतच ऱ्हायलो, घंटी मारायची इसरलो, येका म्हातारीचं गाव मागं गेलं आन् तिनं माजा पार उद्धार केला. तवा यल्लाप्पा म्हणाला, मास्तर, सुरुंग उडवला की असं निघतंय, आमी म्हणतो गारगोटी, मुकादम म्हणतो कचरा, टाका खडीत. म्हंजे बगा, ज्या रस्त्यावर खडी पडली त्या रस्त्यावरनं माजी गाडी रोज पळत व्हती, आन् मला पत्ता न्हाई.

मग मी चढणाऱ्या-उतरणाऱ्या सगळ्यांना इचाराया लागलो. दुष्काळ पडला त्या साली गावोगाव हिरी खोदत व्हते, लोक खाली पाणी बघायचे आन् मी वर टाकलेला दगुड बघायचो, लोक हसायचे, हसू देत. आष्ट्याला आमचे आण्णा, जैन, किराणा दुकान त्यांचं, त्यांनीबी अशीच येक गारगोटी कागदावर वजन म्हणून ठेवलेली. ते म्हणाले, मास्तर, येकट्यानं गोळा केलं तर लोक याडा म्हणत्यात, दहा जणांनी केलं तर मंडळ म्हणत्यात. असं आमचं गारगोटी मंडळ निघालं. बैठक अमुशाला. शिकलेले लोक म्हणायचे, आवं अमुशाला कुणी चांगलं काम काढतं का. पर अमुशाला खाणीत दगुड फोडायची सुतकी उचलत न्हाईत, शेतात औत धरत न्हाईत, आमच्या माणसांना दुसरी सवड कवा घावायची. आन् अध्यक्ष मला केलं, मी लय हुशार म्हणून न्हाई, गाडीवर फिरतो म्हणून, ह्याचा निरोप त्याला आन् त्याचा दगुड ह्याला पोचवतो म्हणून.

नियम येकच केला व्हता मी, आन् तो मातुर कडक. परतेक दगडाखाली चिठ्ठी पायजे, कुणाला घावला त्याचं नाव, कुठल्या गावात, कुठल्या हिरीत का खाणीत. शहरातला मानूस कपाटात मांडतो आन् म्हणतो माजा दगुड. तुजा कसा रं, सुरुंगाचा धूर तू खाल्लास व्हय.

तर वाईला पयलं प्रदर्शन ठरलं. शाळेला सुट्टी व्हती, हेडमास्तरांनी दोन वर्ग दिले. आन् मला ध्यास लागला तो यल्लाप्पाच्या घरच्या दगडाचा. त्यांच्या वस्तीच्या हिरीला ज्या दिवशी पाणी लागलं त्या दिवशीच निघालेला तो, पांढऱ्या सुयांचा झुपका, रेशमागत, आन् मदोमद येक हिरवा खडा. देव्हाऱ्यात ठेवलेला त्यांनी, रोज हळदीकुंकू व्हायचं त्याला. त्याची बायको नागव्वा काय द्यायला तयार न्हाई. मी म्हणलं, वैनी, अध्यक्ष म्हणून नेतो, जसा नेतो तसा आणून देतो. तवा तिनं दिला, पदरावर घेऊन.

घरी आणून बघतो तर सुयांत कुंकू बसलेलं, तेल बसलेलं. मला वाटलं, वाईचे लोक काय म्हणतील. आता आमच्यात देवाची भांडी चिंचेनं घासत्यात, लख्ख निघत्यात, मग ह्योबी देव्हाऱ्यातलाच की. बायको म्हायेरी गेलेली. मी आपलं डोस्कं चालवून चिंच कोळली, दगुड तिच्यात भिजत घातला, ड्युटीवर गेलो, सांजच्याला आलो आन् ब्रश मारला. काय सांगू तुमाला. सुया ब्रशाबरोबर गळून ताटात पडल्या. हिरवा खडा पांढरट झाला, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यागत. आन् कुंकू काय गेलं न्हाई, सगळीकडं पसरून गुलाबी झालं. मी ताटासमोर बसून रडलो हो, खोटं कशाला सांगू, पन्नाशीला टेकलेला मानूस.

दुसऱ्या दिवशी बायको आली. मी म्हणलं, माज्याकडं कोयनेचा येक हाय तसलाच, त्यो मांडतो, न्हाईतर सांगतो गाडीत धक्का बसला. ती ताटाकडं बघत म्हणाली, आवं, चिठ्ठीवर काय लिवणार, कुणाचं नाव. मी ताट उचललं आन् गळालेल्या सुया रुमालात बांधल्या.

सकाळची पयली गाडी धरून गेलो वस्तीवर. यल्लाप्पानं दगुड हातात घेतला, उन्हात धरला, फिरवला. मी सगळं सांगितलं, चिंचेपासनं ते बदलायचं मनात आलं व्हतं तिथवर, आन् म्हणलं, अध्यक्षपणा सोडतो. नागव्वा आत निघून गेली, ते मला लय लागलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. यल्लाप्पानं इचारलं, गळालेल्या सुया टाकल्या का. म्हणलं न्हाई, रुमालात बांधल्यात. मग त्याबी ठेवा शेजारी, तो म्हणाला, आन् तुमचाच नियम हाय न्हवं, चिठ्ठीवर खरं लिवा. म्हंजे दुसरा कुणी चिंच लावणार न्हाई. तवर नागव्वा च्या घेऊन आली. म्हणाली, कुंकू आमी लावलं, तुमी काढाया गेला, दोघांचंबी देवासाठीच झालं, प्या आता.

वाईला मग तो दगुड मधल्या टेबलावर मांडला. चिठ्ठी लिवली: घावला यल्लाप्पाला, वस्तीच्या हिरीत, बिघडवला मंडळाच्या अध्यक्षानं, चिंचेनं घासून. चांगल्या दगडांपुढनं लोक चालत जायचे आन् हितं थांबायचे, वाचायचे, मला हुडकायचे. सांगलीच्या कॉलेजातले येक सर आलते, त्यांनी दोन तास बसून आमाला शिकवलं, कुठला दगुड नुसत्या पाण्यानं धुवायचा, कुठल्याला पाणीबी लावायचं न्हाई. परत जाताना यल्लाप्पा दगुड घेऊन गेला देव्हाऱ्यात. माजा राजीनामा कुणी घेतलाच न्हाई. आण्णा म्हणाले, दुधानं पोळलेला ताक फुंकून पितो, असाच मानूस पायजे आमाला.

आता तीस-पस्तीस जण हाय आमी. बदली सांगलीकडं झाली माजी, तरी अमुशा चुकवत न्हाई. लोकांनी लय दिलं मला, न शिकलेल्या माणसानं आनखी काय मागावं. गेल्या अमुशाला यल्लाप्पा आला, वल्या पोत्यात काय तरी गुंडाळलेलं, चिखलानं भरलेलं, त्यातनं पांढऱ्या सुया दिसत व्हत्या, पयल्यापेक्षा मोठ्या. माज्या हातात दिलं आन् म्हणाला, मास्तर, तुमीच धुवा. मी म्हणलं, थांब की रं जवळ. तर तो म्हणाला, मी कशाला, आन् च्या प्याया निघून गेला, येकदाबी मागं वळून बघितलं न्हाई. देव त्याच्या लेकराबाळांचं भलं करो. मी नुसत्या पाण्याची बारीक धार धरली, सुई येकबी तुटली न्हाई.