शेरडं डाव्या हाताला

आमी मूळचं सांगोल्याकडच्या माळावरचं धनगर. बा गेला, दुष्काळात मेंढरं संपली, मग आय मला घिऊन सोलापुरात आली अन् मिशनच्या आवारात दळाय लागली. मी तितल्याच शाळंत वाचाय शिकलो, पुढं बाप्तिस्मा घेतला. आयनं न्हाय घेतला. म्हनली, तू जा बाबा, मी बी गेले तर बिरोबा एकलाच पडंल की.

माजी बायबल वाचायची तऱ्हा जरा निराळी. आमच्या गावात भजन झालं की म्हातारी मानसं इचारायची, व्हय, पर ह्याचा आतला अर्थ काय? तीच खोड मला. मिसर देश म्हंजे हे अंग, तितला जुलमी राजा फारो म्हंजे आपला मीपना, अन् समिंदर दुभंगतो तो आपल्याच छातीत, असं मी सांगायचो. सूतगिरनीतली मानसं पाळी सुटल्यावर ऐकत बसायची, त्यास्नी लई ग्वाड लागायचं. पाद्रीसाहेबांना न्हाय. ते म्हनायचे, सरळ सांग की रे, दर खेपंला इहिरीत कशाला उतरतोस?

तरी मला उपदेशक करायचं ठरलं. साहेब परीक्षा घेनार, पास झालो तर आवारात खोली, आयचं दळन सुटनार. परीक्षंला बायबलातलं वचन दिलं हुतं शेवटच्या निवाड्याचं. राजा मेंढरं उजव्या हाताला करनार, शेरडं डाव्या हाताला, अन् डावीकडची आगीत.

आदल्या दिवशी मी ते मोठ्यानं वाचत हुतो, आय जात्यावर. तिनं जातं थांबवलं. म्हनली, ज्यानं लिवलं त्यानं मेंढरं राखलीत का कदी? शेरडं काढल्यावर मेंढरं चालायची कुनाच्या मागं? काय सांगू तुमाला, खरंच हाय ते. मेंढरू मान खाली घालून उभं ऱ्हातं, शेरडू पुढं झालं की मग हलतं. अन् कोकराची आय मेली तर त्याला शेरडीच पाजती. आय म्हनली, मग मी कुटं रं? डावीकडं? अन् परत दळाय लागली. मला लई वाईट वाटलं.

परीक्षंत मी सांगितलं, मेंढरू बी माज्यातच, शेरडू बी माज्यातच, निवाडा रोज आत हुतो. साहेबांनी टाक खाली ठिवला. म्हनले, आतलं ऱ्हाऊ दे. तुजी आई बाप्तिस्म्याबिगर मेली तर कुनीकडं, तेवढं सांग. एका शब्दाचं काम हुतं. साहेब वाईट न्हवते, त्यांनी दोनदा इचारलं. मी म्हनलो, साहेब, ती पुढं असंल.

झालं, खोली गेली. आयला सांगितलं तर हसली, म्हनली, येडा हायस, डावीकडं म्हनायचं, माजं काय जातंय? दोन वर्सांनी ती गेली. शेवटपतूर दळत हुती.

आता मी गिरनीच्या फाटकावर बसतो. बायबल हाय जवळ, वाचतो. साहेब जाता येता सलाम घेत्यात, देव त्यांचं बी भलं करो. निवाड्याच्या दिवशी राजा मला उजवीकडं जा म्हनंल, न्हाय तर डावीकडं. मी आधी बघनार आय कुटं उभी हाय, अन् तिकडं जानार. मेंढराला दुसरं काय येतंय?