लायसन्सवरचा फोटो

"काकू, तुम्ही खरंच घरं विकता?" गिंडीच्या बसस्टॉपवर मी विचारलंच! मैत्रिणींनी पैज लावली होती आणि मी हरणार थोडीच? काकूंच्या मांडीवर एजंटचं लायसन्स होतं, वर त्यांचाच फोटो.

"लायसन्स माझं गं. विकतात हे."

"त्रिपुरा, पोरीला कशाला सांगतेस?" शेजारी बसलेले त्यांचे यजमान म्हणाले.

"आता काय बिघडणार? आज रद्दच झालं ना!"

"माझी सरकारी नोकरी. माझ्या नावावर कसं निघालं असतं?"

"म्हणून नसलेलं पार्किंग आहे म्हणून सांगायचं? माझ्या नावावर?"

"बिल्डरनं तसंच सांगितलं होतं मला."

"सुनावणीत साहेब विचारतात, बाई, जागा बघितलीत का? काय बोलू मी?"

"अय्यो, रडू नको. लोक बघतायत."

"अहो, अभ्यास करून मिळवलं होतं हे. एक तरी घर मला दाखवू द्यायचं होतं."

"दुसरं काढू. आपल्या लेकीला, शरण्याला, अठरा वर्षं पूर्ण झालीच आहेत."

"तिचंही नाव घालवा!"

घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आधीच मी जाहीर केलं, "आई, बाबा, ऐका. बाबा बँकेत आहेत म्हणून एजंटचं लायसन्स माझ्या नावावर काढायचं ठरवलंय ना तुम्ही? मी त्या अर्जावर सही करणार नाही."