अण्णांनी स्वेटर हुंगला

ज्वालामुखीची भीती वाटत नाही का, असं विचारता ना? अरे, मी खरा घाबरलो तो उचगावात, आमच्या घराच्या सोप्यात!

तेव्हा मी इंडोनेशियात ज्वालामुखीच्या धुरातला गंधकाचा वायू मोजायचो. घरी मात्र "कॉम्प्युटरवरचं काम हाय" एवढंच सांगितलेलं. कारण आमच्या वडिलांनी, अण्णांनी, साखर कारखान्यात गंधकाच्या भट्टीवर जन्म काढलेला. उसाचा रस साफ करायला तोच वायू लागतो की. रिटायर झाले तरी खोकला गेला नव्हता.

रजेवर आलो. आईनं माझा स्वेटर धुवायला काढला, तर अण्णांनी तो तिच्या हातातनं घेऊन नाकाला लावला.

"कुठल्या कारखान्यात हाईस रं?"

"कारखाना न्हाय अण्णा, डोंगर हाय," म्हणत सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता पासपोर्ट चुलीत जातोय.

"जन्मभर ह्यो धूर म्या खाल्ला, तुझ्या नाकात जाऊ ने म्हणून," एवढंच बोलले. मग खोकले आणि हळूच म्हणाले, "वारं बघून धुरापासनं लांब तरी ऱ्हातोस न्हवं?"

आता आमचं काम म्हणजे, धूर जाईल तिकडं जीप पळवायची आणि बरोब्बर त्याच्याखालनं यंत्र न्यायचं.

"व्हय अण्णा," मी म्हणालो.

निघायच्या दिवशी त्यांनी भट्टीवरचा आपला जुना पंचा माझ्या बॅगेत कोंबला.

"ओला करून तोंडाला बांधत जा. तुझी आई विचारायची तवा मीबी व्हयच म्हणायचो."