गाडीला मालकाची ओळख

विंझरच्या तात्यांच्या गाडीचं ऐकलंत का? जुनी गाडी, तिचा कंप्युटर जळाला. भोरच्या मेकॅनिकने तात्यांच्या अंगणात येऊन भंगारातल्या गाडीचा बसवला, तर ती चालूच होईना.

"तात्या, ह्यो कंप्युटर तुमच्या चावीला वळखत न्हाई. प्रोग्रामिंग करून वळख करून द्यावी लागंल."

मी पेन्शनर. म्हटलं, "आम्ही दरवर्षी हयातीचा दाखला देतो, तसंच. तात्या, विकून टाका की ही."

"तुमच्या वैनी आता मला वळखत न्हाईत भाऊसाहेब, पर ही गाडी वळखत्यात. दुसरीत पाय ठेवत न्हाईत. दवाखान्यात कशी नेऊ?"

मी मेकॅनिकचा पाना धरून उभा राहिलो. नोकरीतही मला तेवढंच नीट जमायचं.

मेकॅनिकने लॅपटॉप जोडून बराच वेळ खटपट केली. शेवटी गाडी सुरू झाली. "घ्या, वळखलं मालकाला!"

तात्यांनी वहिनींना शेजारी बसवलं आणि गिअर टाकला. वहिनींनी त्यांचा हात धरला.

"डायवर, थांबा की. आमचं मालक येऊंद्या."

तात्यांनी इंजिन बंद केलं. मेकॅनिक धावत आला. "काय झालं? परत वळखंना व्हय?"

"गाडी वळखती," तात्या म्हणाले.