तूरीबाईंच्या नावातलं शेवटचं अक्षर

या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले गावप्रमुख याल्ग्रीमुर, राजधानीतून खवळलेल्या समुद्राचे धक्के सोसत आलेले सन्माननीय पाहुणे, व्यासपीठावरचे पाद्रीबाबा, एकतीस वर्षांच्या सेवेनंतर आज गाव कचेरीचा निरोप घेणाऱ्या आपल्या तूरीबाई, आणि खुर्च्या रिकाम्या असतानाही केकच्या टेबलाजवळच उभे राहिलेले माझे गावकरी,

तूरीबाईंनी मला बजावलंय, "माझं कौतुक करू नकोस, मला घाम फुटतो." म्हणून मी आज माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. त्यात त्यांचं कौतुक झालं, तर माझा इलाज नाही.

आपल्या डोंगरावर नाव नसलेला एक तरी कडा आहे का? तूरीबाईंनी ती सगळी नावं जुन्या माणसांकडून विचारून घेतली, चार हजार एकशे बारा. कचेरीच्या जुन्या संगणकावरच्या निळ्या पडद्याच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी ती लिहून ठेवली. प्रत्येक नावामागे एक टीप जोडली: वाट कुठली, मेंढरं कुठे अडतात, पाय कुठे ठेवायचा नाही. फेब्रुवारीत तो संगणक बंद पडला आणि नवा आला. मी कचेरीत नवी, आणि घरातली पहिली पदवीधर म्हणून माझ्या डोक्यात थोडी हवा होतीच. मी म्हटलं, "तूरीबाई, जुन्याच्या डिस्कवरून यादी मी नव्यावर आणते. दोन दिवसांचं काम."

खरोखर दोनच दिवस लागले. नव्या प्रोग्रॅममध्ये नावं दिसली, पण मधेमधे कचरा होता, आणि त्यात सगळ्यात जास्त टक्क्याची चिन्हं. मी तो कचरा एका फटक्यात पुसला. मग खात्री करायला बाबांना यादी मोठ्याने वाचून दाखवली. बाबा मासे कापून दमून आले होते. डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "एकही नाव चुकलेलं नाही. छापून टाक."

मी पहिली प्रत तूरीबाईंपुढे ठेवली. त्यांनी मुखपृष्ठावर छापलेल्या नावावर बोट ठेवलं.

"ही कोण?"

"तुम्हीच की."

"मी नाही. हिच्या नावाला शेपूट नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आपलं एड हे अक्षर आपण लिहितो, पण बोलत नाही. तूरीबाईंच्या नावाच्या शेवटी ते आहे. परदेशी बनावटीच्या त्या प्रोग्रॅममध्ये एड नव्हतंच, म्हणून त्यांनी एकतीस वर्षं त्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह दाबलं आणि छापलेल्या प्रत्येक कागदावर पेनाने दुरुस्त केलं. मी पुसलेला कचरा म्हणजे गावातली सगळी एड होती. आणि मी खात्री केली ती कानाने!

त्यांनी पानं उलटली. "टिपा कुठायत?"

टिपा नव्या प्रोग्रॅमला दिसल्याच नव्हत्या.

तूरीबाईंनी कोट घातला. "राहू दे पोरी. महिनाअखेर मी जातेच आहे." पण टिपा सांगणाऱ्यांपैकी निम्मी माणसं आज चर्चमागच्या मातीत आहेत. त्यांना पुन्हा विचारायला कोण जाणार होतं?

तूरीबाईंच्या बिस्किटांच्या डब्यात निळ्या प्रोग्रॅमच्या आणि टिपांच्या जुन्या फ्लॉप्या सुखरूप होत्या. नव्या संगणकाला जुन्या संगणकाचं सोंग घ्यायला लावता येतं, हे मी वाचून काढलं. चौथ्या दिवशी नव्या पडद्यावर तो निळा प्रोग्रॅम उघडला. पुढे काय करायचं ते मात्र मला कळेना. कुठे काही लिहिलेलं नाही, माउस मेलेला. तूरीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"सरक."

"कुठली कळ दाबायची?"

"मला काय माहीत? बोटांना विचार."

बोटांना सगळं आठवत होतं. पहिली टीप उघडली आणि त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. अकरा दिवस आम्ही दोघी एकेक टीप बाहेर काढत होतो.

त्यातली एक मी घरी नेली: 'धुकं उतरलं तर इथेच बसा. डावीकडे वाट दिसते, ती वाट नव्हे. सांगणारा: याकुप, खालचं घर.' याकुप माझे आजोबा. मी जन्मायच्या आधीच ते गेले. या वेळी बाबांनी डोळे उघडले. म्हणाले, "हे त्या दिवशी का नाही वाचलंस?"

यादी आज टेबलावर आहे, टिपांसकट. शरद ऋतूत मेंढरं खाली आणायला जाल तेव्हा खिशात ठेवा. तूरीबाई, तुम्ही कचेरीत होतात ते आम्हाला कधी ऐकू आलं नाही. पण तुमच्यावाचून या गावाचा एकही कागद बरोबर लिहिला गेला नसता. त्या अकरा दिवसांबद्दल आणि 'सरक' म्हणाल्याबद्दल मी तुमची मनापासून आभारी आहे. अध्यक्षांची आणि तुम्हा सर्वांचीही.

जाता जाता क्षमा मागते. टक्क्यांची पुन्हा एड करताना मी जरा जास्तच उत्साह दाखवला. प्रस्तावनेत 'नव्वद एड गावकऱ्यांनी माहिती दिली' असं छापलं गेलंय, ते नव्वद टक्के वाचावं. आणि या भाषणात माझ्याकडून काही अक्षरं गळली असतील, तर ती तुम्हाला ऐकू येणार नाहीत. कागद तूरीबाईंच्या हाती देते. पेन त्यांनी आधीच काढलंय.